कॅसेट पलटताना

माझा धाकटा भाऊ यतीन हा आमच्या घरातला सगळ्यात बडबड्या माणूस. तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबायचं नाव नाही. आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये खालच्या मजल्यावरच्या मल्याळी बाई म्हणायच्या, तुमच्याकडे रेडिओ कशाला घेतलात, हा आहे की. असा हा मुलगा आमच्या नाताळच्या आठ-नऊ व्हिडिओंमध्ये सतत बोलताना दिसतो, आणि त्याचा एकही शब्द ऐकू येत नाही. मला याचा भयंकर राग येतो. पण काढायचा कोणावर, ते या वयातही कळलेलं नाही.

आम्ही मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. बाबा, म्हणजे गुलाबराव, केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले आणि इथलेच झाले. दिल्लीतली मराठी मंडळी तेव्हा महिन्यातून एकदा, दुपारी, दुसऱ्यांच्या चर्चमध्ये उपासनेला जमायची. बाबा तिथल्या भजन मंडळाचे प्रमुख. पेटी वाजवायचे आणि गायचेही, असा आवाज की मागच्या बाकावर डुलक्या घेणारे दचकून उठायचे. या भजन मंडळाने एका वर्षी नाताळच्या गाण्यांची एक कॅसेट काढली. विकली फारशी गेली नाही, पण आमच्या घरात तिचे गठ्ठे होते. या कॅसेटनेच पुढे घात केला.

मस्कतला असलेल्या अविनाशमामाने येताना खांद्यावर घ्यायचा व्हिडिओ कॅमेरा आणला आणि जाताना आमच्याकडेच ठेवला. झालं. त्या वर्षापासून बाबा दर नाताळला शूटिंग करू लागले. चांदणीला पतंगाचा कागद चिकटवताना आम्ही, करंज्या तळताना आई, केकचं भिजवलेलं पीठ डब्यात घालून बेकरीत भाजायला नेताना यतीन, सलाम, म्हणजे आमच्यातला नमस्कार, करायला आलेले पाहुणे. सेक्टरमधले तामीळ, बंगाली, सरदारजी सगळे फराळाला यायचे आणि कॅमेऱ्यासमोर अवघडून बसायचे. यतीन अवघडायचा नाही. तो कॅमेऱ्याशी बोलायचा.

एकोणिसाव्या वर्षी तो गेला. रिंग रोडवर, कॉलेजला जाताना, बसखाली. त्याबद्दल मी इथे अधिक लिहिणार नाही. त्यानंतर शूटिंग बंद झालं, कॅमेरा मामाला परत गेला, कॅसेटी पत्र्याच्या ट्रंकेत गेल्या. बाबा रिटायर झाल्यावर ती ट्रंक क्वार्टरमधून मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये आली आणि दिवाणाखाली सरकवली गेली. तिला कोणी हात लावला नाही. नाताळ करत होतो, कारण नाताळ करायचा असतो.

या नोव्हेंबरात आई मटार सोलत बसली होती. मी त्यांच्याच सोसायटीत, दोन मजले वर राहते, संध्याकाळी बँकेतून आले की आधी तिथेच टेकते. सोलता सोलता आई म्हणाली, "क्षिप्रा, यतीनचा आवाज कसा होता गं?"

"कसा म्हणजे? त्याच्यासारखा."

"मला आठवत नाही," आई म्हणाली. "चेहरा आहे भिंतीवर, रोज बघते. आवाज गेला माझ्या कानातून. किती दिवस झाले, आठवून बघतेय."

मी तिला समजावायला तोंड उघडलं आणि मलाच आठवेना. तो काय काय बोलायचा ते सगळं आठवत होतं. पण ती वाक्यं मनात माझ्याच आवाजात वाजत होती. मी मटाराची एक शेंग उचलली आणि सोलत राहिले.

"कॅसेटी आहेत ना," आई म्हणाली. "त्यात बोलतो तो. मला एकदा ऐकव. मग मी काही मागणार नाही."

हेमलताबाईंनी, म्हणजे माझ्या आईने, आयुष्यात कोणाकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. एकोणऐंशीव्या वर्षी हे मागितलं. मी त्याच शनिवारी ट्रंक ओढून काढली. प्रत्येक कॅसेटवर बाबांच्या ठसठशीत अक्षरात चिठ्ठी होती: नाताळ ८९, मिक्सिंगसह. नाताळ ९०, मिक्सिंगसह. ते शेवटचे शब्द मी वाचले आणि माझ्या डोक्यात काही म्हणजे काही शिरलं नाही. नेहरू प्लेसच्या एका दुकानदाराने सगळं पेन ड्राइव्हवर उतरवून दिलं.

पुढच्या रविवारी दुपारी आम्ही टीव्हीसमोर बसलो. आई, बाबा, मी आणि माझी मुलगी वैभवी, जी नोएडात नोकरी करते आणि मामाला फक्त फोटोत ओळखते. आईने चांगली साडी नेसली होती. केस विंचरून, पावडर लावून सोफ्याच्या टोकाला बसली होती, कोणाला घ्यायला स्टेशनवर निघाल्यासारखी.

सुरुवातीला सोनेरी वळणदार अक्षरं आली. मग एक मोठा गुलाब उमलला, गुलाबातून बदाम निघाला आणि बदामातून करंज्या तळणारी आई. वैभवी खुदकन हसली. "मम्मा, ये तो बिल्कुल शादी का व्हिडिओ आहे यार." खरंच होतं. आमच्या नाताळचे व्हिडिओ लग्नाचं शूटिंग करणाऱ्या रिंकूकडे मिक्सिंगला जायचे. त्याच्याकडे जे इफेक्ट नवरा-नवरीसाठी होते, तेच तो आमच्या करंज्यांना लावायचा.

आणि मागे गाणं लागलं होतं. पेटी, ढोलक आणि बाबांचा आवाज. भजन मंडळाची कॅसेट.

यतीन आला. दहा-अकरा वर्षांचा, हाफ स्वेटर, हातात चांदणीची कामटी. कॅमेऱ्याकडे वळला आणि बोलायला लागला. हातवारे, भुवया, सगळं. तोंड हलत होतं आणि त्यातून बाबांचं भजन येत होतं.

"आवाज वाढव," आई म्हणाली.

मी वाढवला. बाबांचा आवाज वाढला.

"अगं, गाणं बंद कर आणि त्याचा आवाज वाढव."

"आई, गाणं बंद होत नाही. ते आतच आहे."

आईला ते पटेना. तिने रिमोट माझ्या हातातून घेतला आणि एकेक बटण दाबून पाहिलं. आम्ही पुढची फाइल लावली, त्याच्या पुढची लावली. सगळीकडे तेच. गुलाब, बदाम, भजन. दर वर्षी यतीन थोडा उंच होत होता, दर वर्षी काहीतरी जीव तोडून सांगत होता. तेव्हा हे व्हिडिओ आम्ही कितीदा पाहिले असतील आणि गाणी किती छान बसलीत म्हणून बाबांचं कौतुक केलं असेल. आवाज नाही हे कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. येणार कसं, बोलणारा शेजारीच बसलेला असायचा. पडद्यावर तो मुका आणि सोफ्यावर त्याचीच कॉमेंट्री.

"बघ, 'आई' म्हणाला," आई टीव्हीजवळ जाऊन म्हणाली. "ओठ बघ. आता 'करंजी' म्हणाला. मला कळतंय." मग परत येऊन बसली. "कळतंय, पण ऐकू येत नाही."

बाबा म्हणाले, "नगरला पाठवायचो ना आपण कॉपी. चर्चमधली चार माणसं बघायची. त्यात भांड्यांचा आवाज, कुकरची शिट्टी, आरडाओरडा. बरं दिसत नव्हतं."

"आणि कॅमेऱ्यातली मूळ कॅसेट?" मी विचारलं. "मिक्सिंगच्या आधीची?"

"तीच वापरायचो की पुढच्या वर्षी. चांगली होती कॅसेट. नवीन कशाला आणायची? शेवटी ती कॅमेऱ्याबरोबर मामाकडे गेली, त्याने तिच्यावर मस्कतचं शूटिंग केलं."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच चहा टाकला. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसावर काय ओरडणार? त्यांनी केलं ते नीटनेटकेपणाने केलं, काटकसरीने केलं, हौसेने केलं. आपलेच दात, आपलेच ओठ.

वैभवी मागोमाग आली. म्हणाली, "मम्मा, टेन्शन नको घेऊ. आजकाल ॲप आहेत. म्युझिक अलग, व्हॉइस अलग, सगळं सेपरेट होतं. मी करते ना."

तिने ते आजीलाही सांगितलं, हीच चूक झाली. पुढचे दोन दिवस आई फोन वाजला की विचारायची, वैभवीचा आहे का. बुधवारी वैभवी लॅपटॉप घेऊन आली. चेहरा पडलेला होता, पण आई समोर येऊन बसलीच होती, तेव्हा तिला फाइल लावावी लागली. पेटी गेली होती, ढोलक गेला होता. उरला होता फक्त माणसाचा आवाज, स्वच्छ, काल रेकॉर्ड केल्यासारखा. बाबांचा. पंचेचाळीस-पन्नाशीतले बाबा भर छातीने गात होते आणि समोर पडद्यावर यतीन तोंड हलवत होता. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

"नीचे कुछ है ही नहीं, आजी," वैभवी हळूच म्हणाली. "मामाचा ट्रॅक खाली असता तर निघाला असता. त्यांनी रिप्लेसच केलाय."

"बंद कर," बाबा म्हणाले. आता त्यांना दोन वाक्यं सलग बोलली तरी धाप लागते. ते भिंतीला धरून बाल्कनीत गेले आणि धुरकटलेल्या हवेत तसेच उभे राहिले. मफलर नेऊन दिला तर घेतला नाही.

आई मला म्हणाली, "त्यांना काही बोलू नकोस. पण तू त्या रिंकूला विचार. त्याच्याकडे काहीतरी असेल."

असणार नाही हे मला माहीत होतं. तरी गेले. न जाऊन सांगते कोणाला? आर. के. पुरमला लागून असलेल्या महंमदपूरच्या गल्लीत रिंकूचा स्टुडिओ होता. आता तिथे रिंकू प्रॉपर्टीज अशी पाटी आहे. रिंकू जाडजूड झालाय, केस रंगवतो, काचेच्या टेबलामागे बसतो. मी नाव सांगितल्यावर मात्र उठून उभा राहिला.

"गुलाब अंकल की बेटी? अरे बैठो दीदी. अंकल ठीक हैं?"

मी काम सांगितलं. तो हळहळला. "दीदी, ओरिजिनल तो अंकल साथ-साथ वापस ले जाते थे. मेरे पास तो अपनी शादी की कैसेट नहीं बची." मग एकदम हसून म्हणाला, "लेकिन अंकल के गाने! मराठी एक अक्षर समझ में नहीं आता था, पर धुन आज भी याद है." आणि त्याने चक्क ती गुणगुणून दाखवली. सुरात होती. मला त्या माणसाला खुर्चीसकट गल्लीत ढकलून द्यावंसं वाटलं. या जगात बाबांची चाल एका प्रॉपर्टी डीलरलासुद्धा पाठ आहे.

"माझा भाऊ आठवतो?" मी हिंदीत विचारलं.

"वो जो बहुत बोलता था? हां, हां."

"उसकी आवाज़ याद है?"

रिंकूने प्रामाणिकपणे डोळे मिटून आठवून पाहिलं. "आवाज़ तो नहीं, दीदी. हमने तो उसको हमेशा म्यूट पे ही देखा."

मी पर्स उचलली. दारापर्यंत आले तेव्हा तो मागून म्हणाला, "एक बात है. अंकल के गानों की कैसेट की एक साइड खत्म होती थी ना, तो पलटनी पड़ती थी. उतनी देर मैं असली आवाज़ खोल देता था, नहीं तो एकदम सन्नाटा लगता. दो-चार सेकंड. बाद में काटता था. कभी-कभी रह भी जाता था. देख लो."

परत येताना मेट्रोत मी आईला हे सांगायचं की नाही यावर विचार करत होते. सांगू नये असंच ठरवलं होतं. दार उघडल्यावर तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मी सांगून टाकलं.

मग आम्ही शोधायला बसलो. पहिली बाजू संपण्याची जागा साधारण कळली होती, तरी आई फाइल पुढे ढकलू देईना. सुरुवातीपासून बघायची. गुलाब, बदाम, सगळं. पहिल्या दोन वर्षांत काही नव्हतं, एक भजन संपून दुसरं सरळ सुरू. एकोणनव्वदमध्ये गाणं थांबलं आणि टीव्हीतून खरखर आली, तशी आईने माझं मनगट पकडलं. कुकरची शिट्टी झाली. खालच्या मल्याळी बाई हसल्या. पुन्हा पेटी.

"तो नव्हता तिथे," आई म्हणाली. "बेकरीत गेला होता केक आणायला. पुढचं लाव."

ब्याण्णवमध्ये आणखी एक जागा सापडली. त्यात कॅमेऱ्यामागून बाबांचा खोकला होता, बाकी काही नाही. बाबा खोलीच्या दारात उभे होते. स्वतःचाच खोकला ऐकून त्यांनी मान खाली घातली. आईने त्यांना जवळ बसायला बोलावलं, पण ते आत आले नाहीत.

चौऱ्याण्णवचा व्हिडिओ मी लावला तेव्हा बाहेर शेजाऱ्यांकडची मुलं गॅलरीत लाइटची माळ सोडत होती आणि आमच्याकडे यंदा अजून चांदणीही लागली नव्हती. पडद्यावर आर. के. पुरमचं आमचं दार होतं, दारावर चांदणी. मंडळी आत येत होती. यतीन सतरा वर्षांचा, मरून स्वेटर, ओठांवर मिसरूड, हातात फराळाची थाळी. तो पाहुण्यांमधून वाट काढत थेट कॅमेऱ्याकडे आला. भजनाची शेवटची ओळ आली. बाबांनी ती नेहमीप्रमाणे लांबवली आणि संपवली.

खरखर.

थाळीतल्या वाट्या एकमेकींवर आपटल्या. ते ऐकू आलं. कोणाचं तरी "सलाम, सलाम" ऐकू आलं. यतीन अगदी समोर होता. त्याने हसून मोठा श्वास घेतला, तोंड उघडलं.

"यतीन, गप रे जरा! किती बोलशील? शूटिंग चालू आहे ना."

आवाज बाजूने आला होता. चढलेला, घाईतला, नाताळच्या दिवशी वीस माणसांचा फराळ अंगावर असलेल्या बाईचा. यतीनने लगेच तोंड मिटलं. डोळे मोठे केले, एक बोट ओठांवर ठेवलं आणि शहाण्या मुलासारखा उभा राहिला. मग दुसरी बाजू सुरू झाली. पेटी वाजली, ढोलक वाजला, बाबा गाऊ लागले, आणि गाण्याच्या मागे तो पुन्हा बोलायला लागला.

मी फाइल थांबवली. वैभवी त्या दिवशी होतीच, तिला बिचारीला कळेना. तिने विचारलं, "आजी, ये तुझाच आवाज ना?"

"हो," आई म्हणाली. "माझाच."

दारातून बाबा म्हणाले, "तुझं ऐकायचा तो. माझं नाही ऐकलं कधी." त्यांना आईला बरं वाटावं म्हणून काहीतरी म्हणायचं होतं, हे मला कळलं. आईलाही कळलं असावं. ती त्यांच्याकडे बघून हसली, आणि ते हसणं मला बघवलं नाही.

शेवटची, पंच्याण्णवची फाइलही आम्ही पाहिली. तिच्यात काही नव्हतं. रिंकूचा हात तोवर बसला असावा.

यंदाचा नाताळ झाला. चांदणी लावली, मीच लावली. करंज्या विकतच्या आणल्या. उपासनेला आई-बाबा दोघंही आले, आणि भजनाच्या वेळी बाबांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं नाही. मंडळी म्हणाली, वय झालं. मी होकार दिला.

आईने तो पेन ड्राइव्ह टीव्हीलाच ठेवून घेतलाय. रिमोटचं तिला आता सगळं येतं. मी बँकेतून येते तेव्हा ती बहुतेक वेळा चौऱ्याण्णवचा नाताळ लावून बसलेली असते. मी एकदा म्हणाले, पुरे आता, कशाला स्वतःला त्रास करून घेतेस. ती म्हणाली, "तू बस की नुसती." म्हणून मी बसते. दुसरं काही मला करता येत नाही. भजनाची शेवटची ओळ आली की ती पुढे सरकते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवते आणि टीव्हीतली ती स्वतः ओरडायच्या आत घाईघाईने म्हणते, "बोल बाळा, बोल. मी काही म्हणत नाही. बोल."

तो श्वास घेतो, तोंड उघडतो, आणि आईचं ऐकून गप्प बसतो.